डोळ्यांतील नवें भिंग



वाचनाच्या चष्म्याला आपल्या भाषेंत 'चाळिशी' म्हणतात, तें अगदीं सार्थ आहे. मावळांतील मळवलीचा तरुण शेतकरी भातखाचरांत उभा राहून लोहगडाचा तट न्याहाळतो आणि दुसऱ्याच क्षणीं पायांत रुतलेला कांटा अचूक उपटतो. डोळ्यांतील भिंग लवचिक असतें म्हणूनच हें साधतें. भिंगाभोंवतीं स्नायूचें कडें असतें आणि बारीक तंतूंनीं भिंग त्यास जोडलेलें असतें. जवळ पाहतांना स्नायु आकुंचन पावतो, तंतु सैल पडतात व भिंग फुगीर होतें. वयाबरोबर तें ताठर होत जातें; मग स्नायूनें कितीहि जोर केला तरी तें त्याचें ऐकत नाहीं. हीच चाळिशी.

पुढें तेंच भिंग गढूळ झालें, कीं त्यास मोतीबिंदु म्हणावयाचें. पूर्वीं तें काढल्यावर जाड कांचांचा चष्मा लावावा लागे. महायुद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्सचे कण शिरले, तरी डोळा ते सोसतो, हें हॅरल्ड रिडले या इंग्रज नेत्रवैद्यानें हेरलें. आणि १९४९ सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यानें त्याच द्रव्याचें भिंग रोग्याच्या डोळ्यांत बसविलें.

परंतु असें भिंग एकाच अंतरासाठीं असतें. दूरचें स्वच्छ दिसतें. वाचावयास चाळिशी लागतेच. यावर एक तोड म्हणजे प्रकाश विभागून दूरचें व जवळचें दोन्ही दाखविणारें भिंग. मात्र त्यामुळें रात्रीं दिव्यांभोंवतीं कडीं दिसूं शकतात. लोणावळ्याहून रात्रीं खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या चालकास हा दोष लहान नव्हे.

दुसरी तोड अधिक नैसर्गिक. २००३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या एका सिलिकोनच्या भिंगास बिजागरीसारखे सांधे आहेत. डोळ्याच्या स्नायूनें आकुंचन पावून तें किंचित् पुढें सरकावें व जवळचें दिसावें, ही त्यामागील कल्पना. मधल्या अंतरावरचें त्यानें बरें दिसतें. पण शस्त्रक्रियेनंतर भिंगाची पिशवी आंखडते, हालचाल अल्प राहते, आणि बारीक अक्षरांसाठीं पुष्कळांना चष्मा लागतोच. आकार बदलणाऱ्या भिंगांवर संशोधन चालूं आहे.

तेव्हां परिपूर्ण भिंग निघेल या आशेनें घरांतील वृद्धांची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणें शहाणपणाचें नाहीं. फार पिकलेला मोतीबिंदु काढणें अवघड होतें, कधीं डोळ्यांतील दाबहि वाढतो; आणि तोंवर अंधुक दृष्टीनें जिना उतरतांना हाड मोडण्याचें भय असतेंच. भिंग निवडतांना किंमत विचारण्याआधीं वैद्यास आपला दिनक्रम सांगावा: पोथी वाचावयाची आहे, तांदूळ निवडावयाचे आहेत, कीं रात्रीं गाडी हांकावयाची आहे. ज्याचें जसें काम, त्यास तसें भिंग.