जर्मनीत शिकताना : रोजचे दिवस आणि थोडा प्रवास

(वसतिगृहातील मोठ्या वर्गांचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘युरोपातील विद्यार्थीजीवन आणि प्रवास’ असा विषय दिला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून एक वर्ष मी दक्षिण जर्मनीतील ट्यूबिंगेन या गावी शिकायला होते. मंडळीच्या शिष्यवृत्तीवर गेले होते. वय चाळिशीच्या पुढे, आणि वर्गात सगळी विशीतली मुले. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस मला तिथे कोणी शिक्षिका समजत, कोणी कुणाची तरी आई समजत!

आज बर्फाच्या गोष्टी थोड्या सांगेन, पण जास्त सांगणार आहे ते रोजच्या जगण्याविषयी. त्याला कारण आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. ट्यूबिंगेन याच राज्यात आहे. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे. करार झाल्यापासून आपल्या भागातही ‘जर्मनी, जर्मनी’ ऐकू येऊ लागले आहे. ‘नाव नोंदवायचे पैसे द्या’ म्हणणारी माणसे येऊन गेली, असे दोन पालकांनी मला सांगितले. म्हणून आधी पैशाचे बोलते, मग बाकीचे.

जर्मनीतील बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठात शिकवण्याची फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १५०० युरो भरावे लागतात. याशिवाय स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्याला व्हिसासाठी एका बंद खात्यात वर्षाच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते. सध्या ती ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक आहे. पण नीट ऐका, ही फी नव्हे. ते पैसे तुमचेच असतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुम्हालाच मिळतात. शिष्यवृत्ती असेल तर बहुधा तिचे पत्र पुरते. केंद्र सरकारची अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती सरकारी संकेतस्थळावर मिळते आणि त्यासाठी मध्ये कोणी माणूस लागत नाही. जो माणूस कागद न दाखवता आधी पैसे मागतो, त्याला ओट्यावर बसवून चहा द्या, पण पैसे देऊ नका.

आता तिथला दिवस कसा असतो ते सांगते.

विद्यार्थी वसतिगृहात मला एक छोटी खोली मिळाली. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. आठ खोल्यांना मिळून एकच स्वयंपाकघर. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन आपला पत्ता नोंदवायचा. आरोग्य विमा सक्तीचा. हे झाल्यावरच बँक, ग्रंथालय, बाकी सगळे सुरळीत होते.

त्या भागात ‘केअरवोख’ नावाची जुनी रीत आहे. केअरवोख म्हणजे झाडलोटीचा आठवडा. इमारतीत ज्याची पाळी असेल त्याने जिना आणि समाईक जागा झाडायची, पुसायची. आमच्या स्वयंपाकघरातही पाळीचा तक्ता लावलेला होता. प्राध्यापकाचा मुलगा असो की बसचालकाची मुलगी, पाळी कोणाला चुकत नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो. कागद वेगळा, ओला वेगळा, वेष्टणे वेगळी. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते परत मिळतात. रविवारी दुकाने बंद, त्यामुळे शनिवारी दूध-भाजी आणली नाही तर रविवारी भात आणि मीठ. मी नंदुरबारची मिरची पूड नेली होती, म्हणून माझा भात तरी लाल असे.

तासाची वेळ दहा अशी लिहिलेली असते आणि पुढे ‘सी. टी.’ ही अक्षरे असतात. याचा अर्थ तास सव्वादहाला सुरू होणार. ही विद्यापीठांची जुनी लॅटिन खूण आहे. पुढे ‘एस. टी.’ असेल, तर मात्र दहा म्हणजे दहा. आपल्याकडे एसटी उशिरा येते, तिथे ‘एस. टी.’ म्हणजे वक्तशीर! तास संपला की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत जेवण स्वस्त मिळते. तिला ‘मेन्झा’ म्हणतात. जेवण झाले की आपले ताट आपणच नेऊन ठेवायचे.

हे ऐकून तुमच्यातले काही जण हसत आहेत, आणि का ते मला कळते. पाळीने झाडणे, आपले ताट आपण घासणे, घंटेवर उठणे, एका खोलीत अनेकांनी राहणे हे तुम्ही पाचवीपासून करत आला आहात. माझ्या शेजारची शहरातून आलेली दोन मुले पहिल्या महिन्यात भात कसा शिजवायचा ते विचारायला माझ्याकडे येत. त्यांचे इंग्रजी चांगले होते. पण जगायला लागणाऱ्या अर्ध्या गोष्टी तुमच्याकडे आधीच आहेत. उरलेल्या अर्ध्यात सगळ्यात मोठी गोष्ट भाषा. ती तुम्ही शिकू शकता, जशी मराठी शिकलात. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठी शाळेत बसवले, तेव्हा तो पहिलाच परदेश होता. जर्मन हा दुसरा.

आता कठीण भाग. डिसेंबरमध्ये तिथे सकाळी आठनंतर उजाडते आणि दुपारी साडेचारला अंधार पडतो. आकाश आठवडाभर राखाडी राहते. कोणी ओरडत नाही, कोणी हाक मारत नाही. अशा दिवसांत माणूस आतून गप्प होतो. आमच्या मजल्यावर दूरच्या देशातून आलेला एक विद्यार्थी होता. एका आठवड्यात त्याची केअरवोख झाली नाही. कधी न चुकणारा मुलगा. पलीकडच्या खोलीतील जर्मन मुलीने तक्रार लिहिली नाही, तिने दार वाजवले. तो तीन दिवस धड जेवला नव्हता. परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला होता आणि घरी फोनवर ‘सगळे छान आहे’ म्हणत होता. त्याच्यासाठी घरच्यांनी कर्ज काढले होते. त्या मुलीने त्याला विद्यार्थी सेवा केंद्राच्या समुपदेशकाकडे नेले. ती सेवा तिथे विनामूल्य आहे. मग त्याने घरी खरे सांगितले. वडील फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर एवढेच म्हणाले, ‘जेवलास का?’ पुढच्या सहामाहीत त्याने अभ्यासाचा विषय बदलला. मी परत आले तेव्हा तो टिकून होता.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल नंदुरबारला शिकायला जावो की जर्मनीला, त्याला फोनवर आधी मार्क विचारू नका. आणि मुलांनो, वाईट बातमी घरी सांगण्याची सवय इथूनच लावा.

आता प्रवासाचे सांगते. मी गेले त्याच वर्षी मे महिन्यात ४९ युरोंचे ‘जर्मनी तिकीट’ सुरू झाले होते. आता ते महाग झाले आहे. महिनाभर देशातल्या कुठल्याही साध्या रेल्वेने, बसने, ट्रामने जाता येते, फक्त जलद गाड्या चालत नाहीत. भाकरीच्या जागी पाव बांधून घ्यायचा, बाटलीत नळाचे पाणी भरायचे आणि निघायचे. जर्मनीचा विद्यार्थी-परवाना असला की शेंगेन करारातील इतर देशांतही वेगळा व्हिसा न काढता फिरता येते, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. पासपोर्ट आणि परवाना मात्र जवळ हवाच.

अशीच मी केल या जर्मन गावी उतरून ट्रामने ऱ्हाईन नदी ओलांडली आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात गेले. ही ट्राम २०१७ पासून धावते. स्ट्रासबुर्ग शहर १८७१ ते १९४४ या काळात चार वेळा एका देशाकडून दुसऱ्याकडे गेले. दोन्ही काठांवरची माणसे तीन मोठ्या लढायांत एकमेकांविरुद्ध उभी होती. आज ट्राममध्ये एक बाई जर्मनीतून खरेदी करून पिशव्या घेऊन फ्रान्सला घरी चालली होती. सीमा कुठे गेली ते तिने खिडकीतून पाहिलेदेखील नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावरून भावाभावांत बोलणे बंद होते. मला ती पिशव्यांची बाई पुष्कळ दिवस आठवत राहिली.

दुसरा प्रवास वाइल डेअर श्टाट या छोट्या गावाचा. स्टुटगार्टहून लोकल गाडीने जाता येते. खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लर यांचा जन्म १५७१ मध्ये तिथे झाला. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात, हे तुम्ही नववी-दहावीला पाठ केले ते केप्लर. घरची स्थिती बेताची, वडील भाडोत्री सैनिक, घर सोडून गेलेले. हा हुशार मुलगा राज्याच्या शिष्यवृत्तीवर शिकला आणि ट्यूबिंगेनला ईशज्ञानाचा विद्यार्थी झाला. ज्या गल्ल्यांतून मी रोज तासाला जात होते, त्याच गल्ल्यांतून.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पुढची. केप्लर मोठे झाले, सम्राटाचे गणिती झाले. इकडे लेओनबेर्ग गावात त्यांची आई कातारिना एकटी राहत होती. झाडपाल्याची औषधे द्यायची. १६१५ मध्ये एका बाईने आरोप केला की हिने दिलेल्या पेयाने मी आजारी पडले, ही चेटकीण आहे. मग एकेक जण पुढे आला. कोणाचे जनावर मेले, कोणाचा पाय दुखला, सगळे तिच्या नावावर. १६२० मध्ये त्या सत्तरी ओलांडलेल्या बाईला अटक झाली, साखळदंड घातले. केप्लर आपले काम बाजूला ठेवून परत आले. त्यांनी आईच्या बाजूने लेखी बचाव मांडला. प्रत्येक आरोप घेतला आणि दाखवले की या दुखण्याला साधे, नैसर्गिक कारण आहे. कागद ट्यूबिंगेनच्या कायदा विद्याशाखेकडे गेले. छळाची हत्यारे दाखवूनही आईने खोटा कबुलीजबाब दिला नाही. १४ महिन्यांनी, १६२१ मध्ये ती सुटली. पुढच्याच वर्षी वारली.

सातपुड्यात ‘डाकीण’ हा शब्द काय करतो, हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. गावात लेकरू आजारी पडले की बोट कोणाकडे वळते, तेही सांगायला नको. बहुतेक वेळा एकट्या बाईकडे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायदा फिर्याद लिहून घेणाऱ्या माणसाची वाट पाहतो. पंचांसमोर उभे राहून ‘ताप मलेरियाचा आहे, रक्त तपासा’ असे बोलणारे कोणी लागते. केप्लरने ग्रहांची गणिते केली ती बुद्धी आणि आईला सोडवले ती बुद्धी एकच होती. गोष्टीचे खरे कारण शोधायचे आणि ते निर्भयपणे सांगायचे. युरोपातून डिग्री आणा किंवा तळोद्याच्या कॉलेजातून, ही बुद्धी आणली नाही तर कागद तेवढा घरी येतो.

कोणी विचारेल, आपल्यातले कोणी गेले आहे का तिकडे? गेले आहे, शंभर वर्षांपूर्वी. आजच्या झारखंडातील मुंडा समाजाचा एक मुलगा, लहानपणी गुरे राखणारा, रांचीच्या मिशन शाळेतून इंग्लंडला गेला आणि ऑक्सफर्डला शिकला. तो जयपाल सिंह मुंडा. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचा तो कर्णधार होता. पुढे संविधान सभेत बसून त्याने आदिवासींची बाजू मांडली, आणि स्वतःला जंगली म्हणवून घ्यायला तो लाजला नाही.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी तीन कामे. पहिले, भाषा आतापासून सुरू करा. परिचारिकेचे प्रशिक्षण तिथे विद्यावेतनासह मिळते, पण चांगली जर्मन आल्याशिवाय दार उघडत नाही. दुसरे, स्वयंपाक आणि हिशेब शिका, मुलांनी तर नक्की शिका. तिसरे, न कळलेले विचारायला शिका. तिथे हात वर न करणाऱ्याला सगळे कळले, असे धरले जाते.

आणि ज्यांना जायचे नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नका. या आठवड्यात स्वयंपाकघराच्या पाळीच्या तक्त्यात कोणाचे नाव चुकले असेल, तर वॉर्डनकडे जाण्याआधी त्याचे दार वाजवा.

देव तुमचे कल्याण करो. आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न मागच्या बाकावरून येऊ द्या.