कथा लिहिणाऱ्याची वही आणि त्याचे घर
(तारोडी येथे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. नोकरीचे, शिष्यवृत्तीचे, घराच्या जागेचे इतके प्रश्न उभे असताना कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांच्या सवयी आणि अडचणी यांचा विचार करण्यास आपण का बसावे, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर मी प्रथम देतो. तुमच्या घरांतील मुले-मुली आता लिहू लागली आहेत. त्यांच्या वह्या गादीखाली, कपाटाच्या फळीवर, क्वचित शाळेच्या दप्तराच्या तळाशी असतात. त्या वहीत तुमचेच घर उतरलेले असते. एखाद्या दिवशी ती वही वडिलांच्या हाती पडते आणि घरात वादळ होते. ‘हे लोकांना कशाला सांगतोस?’ असे म्हणून वही फाडली जाते. हा प्रसंग कित्येक घरांत घडलेला आहे, म्हणून हा विषय एकट्या लेखकाचा राहत नाही. तो घराचा विषय आहे.

शेकडो वर्षे आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले. त्या लिखाणात आपण एक तर भयाचा विषय होतो, नाही तर दयेचा. आपल्या घरातील चूल, भांडण, लग्न, कर्ज, हसणे आणि खोटे बोलणे आपल्याच माणसाने लिहावे, याला मराठीत फार उशीर झाला. ज्यांनी ते काम केले त्यांना काय साधले व काय नडले, हे समजून घेतले तर आपल्या मुलांची वाट पुष्कळ सोपी होईल.

वेळेची तक्रार सर्वच लेखक करतात. तिच्यावर मी फार बोलणार नाही. इंग्लंडमधील कादंबरीकार अँथनी ट्रोलोप हा टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाच वाजता तो लिहिण्यास बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द झाले पाहिजेत असा त्याचा नियम असे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांनी दोन मुलांना एकटीने वाढवीत आणि प्रकाशनसंस्थेत नोकरी करीत आपल्या आरंभीच्या कादंबऱ्या लिहिल्या. उजाडण्यापूर्वीचा वेळ तेवढा त्यांचा स्वतःचा होता. त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भाईंदरहून चर्चगेटला रोज जाणाऱ्या माणसाला लोकलमध्ये बसावयास जागा मिळाली, तर जाता-येता दोन पाने सहज होतात. जागा न मिळाली तर मनात वाक्य घोळवावे आणि उतरल्यावर टिपावे. स्फूर्तीची वाट पाहणारा पुष्कळदा वाटच पाहत राहतो.

जागेचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर तो फारच अवघड आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण घ्या. पतीबरोबर त्या लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी येणाऱ्या रद्दीतील मजकूर वाचून त्यांची वाचनाची भूक वाढली. दुकानात बसल्या बसल्या त्या लिहीत आणि लिहिलेले घरातील माणसांच्या दृष्टीस पडू नये म्हणून अडगळीत लपवून ठेवीत. अशी वीस वर्षे ती पाने लपलेली होती. पुढे ‘जिणं आमुचं’ या नावाने ते लेखन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. ते आत्मकथन आहे, कथा नव्हे. परंतु लिहिण्याची अडचण दोहोंत एकच आहे. बाईने कागद हाती घेतला की घरात कोणाला तरी तहान लागते, कोणाचा तरी सदरा सापडत नाही. बेबीताईंना वीस वर्षे लेखन लपवावे लागले, याचे कौतुक करून आपण मोकळे होतो. आपल्याच घरात दुसरी कोणी आज काय लपवीत आहे, हे पाहण्याचे कष्ट मात्र आपण घेत नाही.

आता कानाविषयी. कथा लिहिणाऱ्याचे खरे भांडवल त्याचा कान होय. अण्णाभाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची, हे तुम्ही सर्व जाणता. वाटेगावात लहानपणापासून ऐकलेल्या हकिगतींतून त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी उभी राहिली. ती १९५९ साली निघाली आणि त्यांनी ती बाबासाहेबांना अर्पण केली. गिरणी, झोपडपट्टी, संप आणि तमाशा यांतून त्यांनी माणसे ऐकली, आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहून तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. उर्मिला पवार यांची आई कोकणात सूप-टोपल्या, म्हणजे आयदाने, विणीत असे. आईचे ते विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते उर्मिलाताईंनी स्वतःच ओळखले व आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हेच नाव दिले. ते २००३ साली प्रसिद्ध झाले.

तुम्ही तारोडीत राहता. शेजारी डोंगरी, उत्तन आणि खाडीकडे भाईंदरची मिठागरे. येथे आगरी आहेत, कोळी आहेत, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत. त्यांची मराठी वेगळी, तुमच्या आजीने घाटावरून किंवा विदर्भातून आणलेली मराठी वेगळी, आणि तुमच्या मुलाच्या पुस्तकातील मराठी आणखी वेगळी. पुष्कळ नवे लेखक या तिसऱ्या मराठीत आजीला बोलावयास लावतात. मग आजी शाळामास्तरासारखी बोलू लागते आणि कथा तेथेच मरते. निवेदन तुम्ही हवे तितके शुद्ध करा. आजीचे वाक्य मात्र आजीचेच राहू द्या. वलांडीवर बोंबील वाळत घालणारी बाई शेजारणीला काय म्हणाली, ते त्याच दिवशी टिपून ठेवले पाहिजे. दुसऱ्या दिवशी शब्द आठवतो, पण त्याची लकब गेलेली असते.

याहून मोठी अडचण लज्जेची आहे, आणि तिच्यासाठीच मी मुख्यतः उभा राहिलो आहे.

धम्मदीक्षेनंतर आपण जुने जीवन टाकले. मेलेली जनावरे ओढणे टाकले, उष्टे मागणे टाकले, देव्हारे टाकले. टाकलेल्या गोष्टी पुन्हा कागदावर कशाला आणावयाच्या, असे वडील मंडळींना वाटते. या वाटण्यात खोटे काही नाही. ज्याने अपमान सोसला त्याला तो विसरण्याचा अधिकार आहे. परंतु त्या अपमानाची आठवण लिहिण्याचा त्याच्या मुलाचा अधिकार यामुळे नाहीसा होतो काय? दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली निघाले, तेव्हा आपल्याच समाजातील पुष्कळ शिकलेले लोक अस्वस्थ झाले. आपली लक्तरे वेशीवर टांगली, असे म्हणणारे त्यांत होते. कचेरीत जात झाकून, मान खाली न घालता बसण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांना ते पुस्तक टेबलावर दिसले की भय वाटत असे. हे भय मी समजू शकतो. तरीही पुस्तक लिहिले गेले हेच बरोबर झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालचा. त्याच्या नावातच ही सारी अडचण आली आहे. परगावी नोकरीला गेलेला तरुण राहावयास खोली मिळावी म्हणून जात लपवितो, आणि ती उघडकीस येते तेव्हा त्याला मारहाण होते. जात चोरणे ही चोरी कोणाची, असा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो. बागुलांनी त्या तरुणाला लबाडी करताना दाखविले, भिताना दाखविले. त्यांच्या ‘आई’ या कथेतील मुलगा तर आपल्या आईवर संशय घेतो. एखादा सज्जन म्हणेल, आमच्या आयांविषयी असे का लिहावे? परंतु झोपडीत एकट्या पडलेल्या विधवेवर मुकादमाची सत्ता कशी चालते आणि ती सत्ता मायलेकरांच्या मध्ये कशी येऊन बसते, हे त्या कथेवाचून कोणत्या ठरावात आले असते?

आणि ज्यांना ही गोष्ट धम्माला शोभत नाही असे वाटते, त्यांनी थेरीगाथा उघडून पाहावी. तेथे अंबपाली एके काळची गणिका होती हे लपविलेले नाही. आपले शरीर कसे जीर्ण झाले, ते तिने एकेक अवयव घेऊन सांगितले आहे. सुमंगलाची आई मुसळातून, भांड्याकुंड्यांतून आणि नवऱ्याच्या जाचातून सुटल्याचे उघडपणे सांगते. संघाने हे शब्द सांभाळून ठेवले. ते लाजिरवाणे म्हणून गाळून टाकले नाहीत.

मात्र एक मर्यादा मी मानतो. स्वतःची लाज सांगणे हा लेखकाचा हक्क आहे. शेजारणीची लाज तिच्या नावानिशी सांगण्याचा हक्क त्याला नाही. गाव बदला, नाते बदला, दोन माणसांचे एक माणूस करा. कथेची सोय हीच आहे की सत्य राखूनही माणूस झाकता येतो. आत्मकथन लिहिणाऱ्याला ही सोय थोडी कमी मिळते. दया पवारांनी तेथेही एक युक्ती काढली: जुना दगडू आपली हकिगत शिकलेल्या दया पवारला सांगत आहे, अशी पुस्तकाची मांडणी केली. एकाच माणसाचे दोन केल्यामुळे एकाला बोलता आले आणि दुसऱ्याला ऐकता आले.

दुसरी अडचण आपल्या चळवळीतूनच आलेली आहे. आपण भाषणे ऐकून वाढलो. त्यामुळे आपल्या तरुणांच्या कथेत तिसऱ्या पानावर कोणीतरी उभा राहतो आणि भाषण करू लागतो. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने एकट्याने लिहून काढले. ते लिखाण लेखाचे होते, तेथे युक्तिवादच हवा होता. कथेचे काम निराळे. अण्णाभाऊंची ‘स्मशानातील सोनं’ वाचा. वारणेकाठचा भीमा मुंबईस येतो, उपनगरातील खाणीत काम करतो. खाण बंद पडते. पोटासाठी तो प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो, पुढे पुरलेली प्रेतेही उकरतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती तोडावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. अण्णाभाऊ कम्युनिस्ट चळवळीतले, शाहीर, सभा गाजविणारे; बेकारीवर भाषण करणे त्यांना जड नव्हते. तरी त्यांनी बोटे आणि बातमी एका दिवशी आणून ठेवली आणि ते गप्प बसले. बंधुमाधव यांच्या ‘विषारी भाकरी’तही तेच आहे. बलुत्याच्या नावाखाली पाटलाच्या दारातून मिळालेली शिळी, बुरसलेली भाकरी खाऊन आजोबा मरतात. नातवाचा संताप आपल्याला पटतो, कारण भाकरी आपण आधी पाहिलेली असते.

तेव्हा लिहिणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. कथा पुरी झाली की आठ दिवस ती दूर ठेवावी. मग मोठ्याने वाचावी. वाचताना आपलाच आवाज व्यासपीठावरील होऊ लागला, तर त्या जागी खूण करावी. बहुधा तो परिच्छेद काढूनच टाकावा लागतो. काढताना दुःख होते, कारण तोच आपणांस सर्वांत आवडलेला असतो.

कथा परत येणे हाही या धंद्याचा भाग आहे. संपादक पुष्कळदा कारण सांगत नाहीत. आपल्या लेखकांच्या कथा प्रथम ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशा आपल्याच पत्रांतून आल्या. पुढे गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने औरंगाबादहून कितीतरी नव्या नावांना पहिली जागा दिली. १९५८ साली मुंबईत दलित साहित्याचे पहिले संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी शंकरराव खरात बसले. मधली सव्वीस वर्षे लहान पत्रे, उधारीवर छापलेले अंक आणि एकमेकांची हस्तलिखिते वाचणारे मित्र यांच्या बळावर गेली. खाडीपलीकडच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली त्याच अध्यक्षपदी बसले, त्यांच्याही मागे ‘सुवार्ता’ या मासिकाची वर्षानुवर्षांची मेहनत होती. लेखक एकटा लिहितो हे खरे; परंतु त्याचे वाचून दाखविणे ऐकणारे चार जण आधी असावे लागतात.

ते चार जण तारोडीत आहेत. महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास ठेवा आणि एकाने आपली कथा वाचावी. ऐकणाऱ्यांनी एवढेच सांगावे की लक्ष कोठे सुटले आणि कोणते माणूस खरे वाटले नाही. पात्र चांगल्या वर्तनाचे आहे की नाही, यावर त्या वेळी चर्चा नको. वाचणाऱ्याच्या आईवडिलांनी त्या दिवशी मागे बसावे. सभा सुरू होण्यापूर्वी येथील एका मुलीने मला आपली वही दाखविली. ती मी तिला परत केली आहे. पहिल्या रविवारी तिनेच वाचावे, असे मला वाटते. चहाची व्यवस्था तिच्या भावाने करावी.