व्हिसाची वाट पाहताना कॉलेज सोडू नका



आई किंवा वडील ऑस्ट्रेलियाचे कायम रहिवासी असतील, तर मुलांसाठी चाइल्ड व्हिसा आहे, सबक्लास 101. वय 18 ते 25 दरम्यान असेल, तर बारावीनंतर सहा महिन्यांत किंवा वाजवी मुदतीत पूर्णवेळ व्यावसायिक शिक्षण सुरू झालेलं आणि चालू असावं लागतं. पूर्णवेळ नोकरी चालत नाही. लग्न सोडाच, मंगनीही नाही.

मी प्रोग्रामर. या अटींमध्ये 'किंवा' नाही, 'आणि' आहे. एक चुकली की अर्ज पडतो.

आपल्याकडे मात्र 'व्हिसा येईपर्यंत घरीच बस' म्हणत मुलीचं कॉलेज थांबवतात, मंगनी उरकतात. मुलींनो, प्रवेश घ्या, फीच्या पावत्या जपा. व्हिसा नाकारला तरी पदवी तुमचीच राहील.