भातलावणी आणि वारी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात भोर-वेल्ह्यातल्या माता-भगिनींच्या सत्काराच्या वेळी केलेलं भाषण)

कीर्तनाला उभं राहायची आम्हाला सवय आहे, भाषणाची नाही. काही चुकलं तर लेकरू समजून पोटात घाला.

शंभर वर्षं म्हणजे थोडा काळ नाही. आपली दिंडी निघाली तेव्हा भोरात पंत सचिवांचं राज्य होतं. वेळवंडीवरचं भाटघरचं धरण 1928 सालचं, म्हणजे आपली दिंडी धरणापेक्षा वडील. तेव्हाची माणसं खांद्यावर घोंगडं टाकून, भाकरी बांधून, कात्रजचा घाट उतरून आळंदीला जायची आणि माऊलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट धरायची.

हा ग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा जुन्या वह्या बाहेर काढल्या. नावांची यादी करायचं काम आमच्याकडं आलं. आम्ही चौथी शिकलेलो, पण नाव वाचता येतं. विणा कुणी धरला, पखवाज कुणी वाजवला, कोणत्या साली कुणी किती पायली तांदूळ दिला, सगळं लिहिलेलं आहे. आणि बायांचं? ‘मंडळी सोबत.’ ‘मातोश्री सोबत.’ एका पानावर नुसतं ‘बायका सात’. सात जणी गेल्या, नाव एकीचंही नाही. त्यातल्या एकीच्या डोक्यावर तुळस असंल, दुसरीच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत. पाणी प्याले ते सगळे वहीत आहेत, पाजणारी नाही.

बरं, ह्या निदान चालत तरी गेल्या, म्हणून ‘सात’ एवढं तरी लिहिलं गेलं. ज्या गेल्याच नाहीत त्यांचं काय?

आपला मुलूख भाताचा. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. आपल्याकडं नेमकी तीच लावणीची घाई. पाऊस कोसळतोय, खाचरं भरलीत, चिखलणी झालीय, रोप वाढीला लागलंय. रोप काही पालखी परत येईपर्यंत थांबत नाही. जून झालं की त्याला फुटवा कमी येतो आणि वर्षाचं पोट मारलं जातं. मग कुणीतरी मागं राहिलंच पाहिजे. शंभर वर्षं मागं कोण राहिलं? आमच्या आया राहिल्या, बायका राहिल्या, सुना राहिल्या. डोक्यावर इरलं, पाय चिखलात, पाठ वाकलेली. त्या लावत होत्या म्हणून आम्ही चालत होतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. पस्तीस-चाळीस वर्षं झाली असतील. घरात नववा महिना लागलेला. आई म्हणाली, एवढ्या वर्षी राहू दे. आम्ही तरण्या रक्ताचे. म्हणालो, वारी चुकवायची नाही, पांडुरंग बघून घेईल. निघालो. पालखी फलटणला असताना इकडं घरात कळा सुरू झाल्या. ओढ्याला पूर, एस.टी. बंद, तालुक्याला न्यायची सोय नाही. पलीकडच्या वाडीवर एक सुईण आजी होती. तिला निरोप गेला. त्या पाण्यातून, काठी टेकत, ती आली. रात्रभर बसली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारच्या बायांनी इर्जिक केली आणि आमची राहिलेली खाचरं लावून दिली. आम्ही बुक्का लावून, प्रसाद घेऊन घरी आलो तर पाळण्यात लेक आणि शेत हिरवं.

ही गोष्ट आम्ही पुढं कैक वर्षं कीर्तनात सांगितली. म्हणायचो, बघा, आम्ही त्याची वारी केली, त्यानं आमचा संसार राखला. लोक टाळी वाजवायचे. घरची कधी काही बोलली नाही. एकदा असंच कीर्तन करून आलो. जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, “तुमचं खरंय. पांडुरंग आला होता. पण त्याचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं, ते सासूबाईंनी चुलीपाशी वाळत घातलं. तेवढंही सांगत जा.”

घास तोंडात फिरला आमच्या. जनाबाईच्या जात्याला विठोबानं हात लावला, ही कथा आम्ही शेकडो गावांत सांगितली. कीर्तन सुटल्यावर आम्ही कधी जात्याला हात लावला काय? नाही लावला.

आता खरी लाजेची गोष्ट. ह्या सत्काराच्या यादीत त्या आजीचं नाव घालावं असं ठरलं. ती जाऊन बरीच वर्षं झाली. नाव काय? कुणाला ठाऊक नाही. सगळे ‘पलीकडची आजी’ म्हणायचे. दोन्ही वाड्यांतल्या निम्म्या माणसांची नाळ तिनं कापली आणि त्या माणसांना तिचं नाव माहीत नाही! शेवटी तिच्या नातसुनेनं एक जुनं रेशनकार्ड शोधून काढलं, त्याच्यावर सापडलं. ह्या ग्रंथात यादी छापली आहे, तिच्यात पहिलं नाव तिचं आहे. वाचा आणि घरी पोरांना सांगा.

नाव राहिलं तर काय होतं, ते कापूरहोळला बघा. 1657 साली पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईसाहेबांची तब्येत ठीक नव्हती, बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे पुढं आल्या, राजांच्या लेकराला त्यांनी पाजलं. 1659 साली सईबाईसाहेब राजगडावर गेल्या, लेकरू दोन वर्षांचं. धाराऊ काही राणी नव्हत्या, आपल्याच भागातल्या, शेताभाताच्या घरातल्या. पण साडेतीनशे वर्षांनीही दूधआई म्हणून त्यांचं नाव घेतात. कारण नाव कुणीतरी जपलं. आपल्या वाड्या-वाड्यांत अशा किती धाराऊ झाल्या, त्यांचं नाव आपणच पुसलं.

आज ज्यांचा सत्कार आहे त्यांच्यात आशाताई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत. 2020 साली पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. आम्ही घरात बसून रडलो. पण त्या दिवसांत तोंडाला फडकं बांधून दारोदार कोण फिरत होतं? ताप कुणाला आहे, मुंबई-पुण्याहून कोण आलंय, म्हातारं माणूस कसं आहे, हे विचारत ह्याच फिरल्या. काही दारांतून त्यांना हाकललंही. तरी दुसऱ्या दिवशी परत आल्या. आमची वारी बंद होती, त्यांची चालू होती.

बचत गटाच्या भगिनी आहेत. ज्ञान प्रबोधिनीच्या ताई वेल्ह्याच्या खोऱ्यात येऊ लागल्या, बायका महिन्याला थोडे थोडे पैसे टाकू लागल्या, तेव्हा आम्ही हसलो होतो. पण बघा, गटाच्या वहीत प्रत्येकीचं स्वतःचं नाव, स्वतःची सही. आपल्या दिंडीच्या वहीला शंभर वर्षांत जे जमलं नाही ते त्या वहीनं केलं.

सरपंचताई आहेत. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या झाल्या. तेव्हा पारावर बसून ‘कारभार नवराच बघणार’ असं म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. काही ठिकाणी तसं झालंही, खोटं कशाला बोला. पण ज्या गावात ती स्वतः खुर्चीवर बसली, तिथं पहिला विषय पाण्याचा निघाला. डोक्यावर हंडा तिच्या होता, आमच्या नव्हता.

शाल-नारळ देऊन आपण मोकळे होतो. नारळ संध्याकाळी फुटतो, शाल पेटीत जाते. म्हणून दिंडीच्या वतीनं तीन गोष्टी बोलतो. पंचांना विचारूनच बोलतोय.

एक, ह्या वर्षापासून वहीत प्रत्येक वारकरणीचं स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं. ‘मंडळी सोबत’ हा शब्द बंद.

दुसरं, ज्या घरचा माणूस वारीला निघणार त्या घरची जेवढी खाचरं तयार असतील तेवढी दिंडीच्या पोरांनी इर्जिक करून आधी लावून द्यायची. सगळी होणार नाहीत, पाऊस आपल्या हातात नाही. पण गडी चिखलात उतरला पाहिजे.

तिसरं, ज्या बाईला वारीला यायचंय तिच्या घरच्या गड्यानं एक वर्ष मागं राहून लावणी करायची. सुरुवात आम्ही आमच्या घरापासून करतो. येत्या आषाढात आमची घरची चालणार आणि आम्ही खाचरात. वारी चुकली असं आम्ही मानणार नाही.

नाही तरी गुंजवणी, वेळवंडी आणि हिरडोशीकडून येणारी नीरा, हे सगळं पाणी पुढं एकच होतं. लोणंदच्या अलीकडं नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात, ते पाणी आपल्याच खोऱ्यातनं गेलेलं. इकडं जी चिखलात उभी असते तिच्या पायाखालचं पाणी आधीच माऊलींपाशी पोचलेलं असतं. आम्हाला हे साठी उलटल्यावर उमगलं, तुम्ही एवढा उशीर करू नका.

बोला पुंडलिक वरदा हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. रामकृष्ण हरि.