संख्येचं कूळ



आपल्या वेंगुर्ल्यात हापूस लावताना दोन कलमांत दहा मीटर अंतर सोडायची रीत जुनी आहे. चार खुंट्या मारून चौरस आखला, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर किती? टेप सांगतो, चौदा मीटर चौदा सेंटिमीटर. खड्डे खणायला एवढं पुरतं. गणिताला पुरत नाही. तिथे ते अंतर दहा गुणिले दोनचं वर्गमूळ, आणि ही संख्या अपरिमेय आहे.

दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येते ती परिमेय संख्या. छेद तेवढा शून्य नको. तिचं दशांश रूप एक तर संपतं, नाहीतर अंकांचा तोच गट पुन:पुन्हा येतो. अपरिमेय संख्येत यातलं काहीच घडत नाही. नववीतली मुलं हे पाठ करतात आणि कॅल्क्युलेटर पाहून निर्णय देतात. तिथे फसगत होते. 1 भागिले 17 करून पाहा. आवर्तन दिसणार नाही, कारण तो गट सोळा अंकांचा आहे आणि पडद्यावर तो मावत नाही. संख्या मात्र परिमेयच.

मग दोनचं वर्गमूळ अपरिमेय कशावरून? समजा, ते अतिसंक्षिप्त अपूर्णांकात लिहिलं. तर अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट होईल, म्हणजे अंश सम. सम संख्येच्या वर्गाला चारनं भाग जातो, म्हणून छेदाचा वर्गही सम, आणि छेदही सम. दोघांना दोननं भाग जात असेल, तर तो अपूर्णांक अतिसंक्षिप्त कसला? म्हणजे असा अपूर्णांकच नाही.

भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, म्हणजे ‘पाय’, यासाठी दोन गुणोत्तरं दिली: व्यवहाराला स्थूल 22/7 आणि सूक्ष्म 3927/1250. दोन्ही परिमेय, दोन्ही ‘पाय’च्या नुसती जवळची. पाय स्वतः अपरिमेय, हे लँबर्ट या गणितज्ञानं अठराव्या शतकात सिद्ध केलं. तरी ‘पाय म्हणजे 22/7, म्हणून परिमेय’ असं मुलं आजही लिहितात.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. संख्येचं कूळ मात्र विचारावंच. ती भागाकारातून आली, की पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येच्या वर्गमुळातून? म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे: मुलाचं उत्तर बरोबर आलं, तरी लगेच पुढच्या गणिताकडे वळू नका. आधी विचारा, ‘कशावरून?’