वाफेचा दाब: कमी तोच बरा

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत थंडी सुरू झाली, की रेडिएटर खडखडू लागतात. तळघरातल्या बॉयलरमध्ये पाणी उकळतं आणि वाफ नळांतून खोल्याखोल्यांत चढते.

एखादी खोली गार राहिली, की घरमालक दाब वाढवतो. गफलत होते ती इथेच! दाब वाढला की वाफ दाटते, नळातून उलट सावकाश सरकते आणि इंधन मात्र जास्त जळतं. घराला दर चौरस इंचावर दीड-दोन पौंड दाब पुरतो. आपल्या कुकरची शिट्टी होते साधारण १५ पौंडांवर! १९३१ साली उभी राहिलेली १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंगसुद्धा कमी दाबाच्या वाफेवरच ऊब घेते.

दाब सांभाळते ती बॉयलरवरची प्रेशरट्रोल नावाची डबी. तिचा काटा अर्ध्या पौंडावर आणि आतली फरकाची चकती १ वर ठेवली, की बर्नर दीड पौंडाला विझतो, अर्ध्याला पुन्हा पेटतो. डबीखालची वळणदार नळी गाळाने तुंबली, तर तिला दाब कळतच नाही.

मग खोली गार का? बहुतेकदा रेडिएटरचा एअर व्हेंट बुजलेला असतो. आतली हवा निघाल्याशिवाय वाफ शिरणार कुठून? तिकडे राहणाऱ्या श्रोत्यांनी आधी तो व्हेंट तपासावा; बॉयलरला हात मात्र जाणकार तंत्रज्ञानेच लावावा.