जुना मातीचा बांध : पाझराकडे लक्ष ठेवा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्येचा प्राध्यापक, बांधकामाचा अभियंता नव्हे. पण बांध मातीचा असतो आणि मातीचा स्वभाव तुम्हा-आम्हाला ठाऊक असतो. म्हणून आज जुन्या, लहान बांधाविषयी बोलतो. अलीकडे कृषी पर्यटनासाठी अशा तळ्यांत नावा सोडल्या जातात, काठावर खोल्या उभ्या राहतात. तेव्हा हा विषय अधिकच महत्त्वाचा.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे केली बार्न्स नावाचा बांध होता. १८९९ साली तेथे वीजनिर्मितीसाठी लाकूड-दगडाचा बांध घातला. पुढे त्यावरच मातीचा भराव टाकून तो वाढवत सुमारे ४० फुटांपर्यंत नेला. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली आणि तळे केवळ करमणुकीसाठी उरले. उत्पन्न थांबले, तशी देखभालही मागे पडली. बांधावर झाडे वाढली. खालच्या बाजूचा उतार जवळजवळ एकास एक, म्हणजे फार उभा. १९७३ च्या एका छायाचित्रात त्या उतारावरील माती घसरलेली स्पष्ट दिसते. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, मोठ्या पावसानंतर, रात्री दीडच्या सुमारास बांध फुटला. खाली झोपलेली ३९ माणसे गेली. चौकशीत एकच कारण सापडले नाही. उभा उतार, भिजलेला भराव, आतून वाहून जाणारी माती अशी अनेक कारणे एकत्र आली होती.

आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, ते आपण विसरलेलो नाही.

आता काय पाहावे, ते सांगतो.

१. प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतो. पाझर निवळ आणि नेहमीइतकाच असेल तर घाबरू नये. पाणी गढूळ झाले किंवा एकाएकी वाढले, तर बांधाची माती आतून निघत आहे असे समजावे.

२. अशा झऱ्याचे तोंड चिकणमातीने बुजवू नये. पाणी कोंडून दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी पसरावी. पाणी निघून जाते, माती अडते. हा तात्पुरता उपाय आहे. अभियंत्यास लगेच बोलवावे.

३. सांडवा मोकळा ठेवावा. जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर पोती रचणे किंवा मासे अडवायला जाळी बांधणे अत्यंत धोक्याचे आहे. पाणी माथ्यावरून गेले की मातीचा बांध टिकत नाही.

४. बांधावर झाडे वाढू देऊ नयेत, हरळी लावावी. मोठे झाड नुसते तोडल्यास मुळे कुजून आत पोकळ वाटा राहतात. तेव्हा सल्ला घेऊनच ते काढावे.

५. घुशी-खेकड्यांची बिळे, भेगा, खचलेला माथा यांची पावसाळ्यापूर्वी व प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहणी करावी आणि वहीत तारखेसह नोंद ठेवावी.

गढूळ पाझर वाढताना दिसला तर सकाळची वाट पाहू नका. आधी खालच्या वस्तीला उठवा, मग तलाठी व तहसीलदारांना कळवा. बांध पुन्हा बांधता येतो, गेलेले माणूस परत येत नाही.